दमण आवडलं, पण आता नवऱ्यासमोर कबूल कसं करू?

अमळनेर-धुळे पट्ट्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, म्हणणं थोडक्यात सांगते. वय चाळिशीच्या पुढे, मिस्टरांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान, मुलगी अकरावीला, मुलगा सातवीत, सासूबाई सोबतच राहतात. लग्नानंतर बरीच वर्षं मिस्टर, त्यांचे मित्र आणि चुलतभाऊ दर हिवाळ्यात गाडी करून दमणला जायचे. दोन दिवसांचं सांगून चौथ्या दिवशी यायचे, फोन लागायचा नाही, आले की घरात भांडण ठरलेलं, एकदा तर परत येताना व्याऱ्याच्या पुढे गाडी ट्रकखाली जाता जाता वाचली. तेव्हापासून ताईंनी दमणचं नावच टाकलं. "ते दारुड्यांचं गाव, नुसता काळा चिखल, समुद्र बघायचा तर गोव्याला नाहीतर कोकणात," असं त्या माहेरी, भिशीत, सगळीकडे सांगत आल्या. ननंद वापीला असते, तिने कितीदा बोलावलं तरी गेल्या नाहीत.

यंदा ननंदेच्या वास्तुशांतीला जावंच लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ननंद त्यांना आणि सासूबाईंना जामपोरच्या किनाऱ्यावर घेऊन गेली, तिसऱ्या दिवशी सकाळी मोटी दमणच्या किल्ल्यात. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला, "इतलं पानी कथाईन वनं वं माय" म्हणत कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आणि ताईंनाही ते गाव आवडलं, चांगलंच आवडलं. आता सासूबाई म्हणतात दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून परत जाऊ. ताई लिहितात, "मी हो म्हटलं तर हे म्हणतील, बघ, मी इतकी वर्षं सांगत होतो दमण चांगलंय, तूच नावं ठेवायचीस. मग इतक्या वर्षांची भांडणं काय होती, मीच चुकीची होते का? गावात दमण म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. मुलगी म्हणते दमणला काय जायचं, गोव्याला चला. आणि खरं सांगू का, तिथे गेल्यावर ह्यांचं परत सुरू होईल याची मला भीती वाटते. आता बरंच कमी केलंय, घरात आणत नाहीत, बाहेर कधीतरी असतं. ताई, मन मारून गप्प बसू का?"

ताई, गप्प बसू नका.

तुमच्या पत्रात मी एका वाक्यावर सगळ्यात जास्त थांबले, "मग मीच चुकीची होते का". अहो नाही. तुम्ही भांडत होतात ते कशावरून हे एकदा शांतपणे आठवून बघा. दोन दिवसांचं सांगून चार दिवस लावणं, फोन बंद ठेवणं, पिऊन गाडी चालवणं, घरी लहान मुलं असताना बाईने रात्र रात्र जागून काढणं. यातली एकही गोष्ट जामपोरची संध्याकाळ सुंदर आहे म्हणून बरोबर ठरत नाही. ती मंडळी तेव्हा दमणऐवजी तोरणमाळला जाऊन हेच करून आली असती तर तुम्ही तोरणमाळला नावं ठेवली असती आणि आज यशवंत तलावाच्या काठावर उभं राहून तुम्हाला हाच प्रश्न पडला असता. त्या दिवसांचा राग ज्या माणसांवर काढायचा ती तर घरातलीच, त्यांच्याशी रोजचा संसार, मग तो राग गावाच्या नावावर जाऊन बसला. असं खूप बायकांचं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, कारण त्या काळात त्या नावाने तुम्हाला स्वतःला सांभाळता आलं, "दमणला जायचं नाही" एवढं म्हटलं की पुढचं सगळं न बोलता सांगितल्यासारखं व्हायचं.

आता अडचण अशी झालीय की गाव आवडल्यामुळे तुम्हाला वाटतंय आपली केसच आपण हरलो. म्हणून मला वाटतं या दोन गोष्टी मनातल्या मनात नाही तर मोठ्याने, मिस्टरांसमोर वेगळ्या करायला हव्यात. ते कसं करायचं त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी एक विचारते. मिस्टरांनी दमण बघितलंय का हो?

म्हणजे गेलेत खूप वेळा, ते कळलं. पण दमणगंगा नदीने त्या गावाचे दोन भाग केलेत, उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण. मित्रांच्या ग्रुपने जाणाऱ्या गाड्या बहुतेक नानी दमणच्या हॉटेल-बारच्या रस्त्यावर थांबतात आणि तिथूनच परत फिरतात. नदीवरचा पूल ओलांडून मोटी दमणच्या किल्ल्यात शिरणारे त्यातले कमीच. तो किल्ला पोर्तुगीजांचा, त्यांनी १५५९ मध्ये दमण घेतलं आणि पुढची चारशे वर्षं ते तिथेच होते, १९ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबरच दमण-दीवही सुटलं. किल्ल्याच्या तटाच्या आत अजून सरकारी ऑफिसं चालतात, मोठमोठ्या झाडांच्या सावलीत रस्ते आहेत, १६०३ चं बॉम जीझस चर्च आहे, त्याच्या आतलं लाकडी कोरीवकाम बघत मी स्वतः बराच वेळ बसलेय, आणि पुढे तटाच्या टोकाला दीपगृह. तुम्ही ननंदेबरोबर सकाळी तिथे फिरलात. मिस्टर कधी फिरलेत का, विचारा ना एकदा. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारा. मला वाटतंय उत्तर नाही असंच येईल, आणि तसं असेल तर "मी इतकी वर्षं सांगत होतो" याला काही अर्थच राहत नाही, कारण ते ज्या दमणबद्दल सांगत होते ते वेगळं आणि तुम्हाला आवडलं ते वेगळं. किल्ल्यातली वाट या घरात तुम्हाला आणि सासूबाईंना माहितीये, तेव्हा या वेळी दाखवणाऱ्या तुम्ही आणि बघणारे ते.

अजून एका गोष्टीचा विचार करा. तुम्ही म्हणता समुद्र बघायचा तर गोवा. गोव्यात दारू मिळत नाही का? तितकीच मिळते, तितकीच स्वस्त, आणि खान्देशातून पोरांचे ग्रुप गोव्यालाही त्याचसाठी जातात. ३० मे १९८७ पर्यंत तर गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, कायदे तेच, पोर्तुगीज तेच, चर्च तीच. मग एका नावाने मान ताठ आणि दुसऱ्या नावाने मान खाली, असं का? कारण दमण गुजरातच्या मांडीला मांडी लावून आहे. गुजरातमध्ये १९६० साली राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी, आणि तीन बाजूंनी गुजरात असलेल्या या छोट्याशा तुकड्यात ती नाही. साहजिकच आजूबाजूचा जो तो त्याच कामाला तिथे जायला लागला आणि गावाला तेच नाव चिकटलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी, शाळेत जाणारी, देवळात आणि चर्चमध्ये जाणारी माणसं राहतात, त्यांचा त्यात काय दोष.

काळ्या चिखलाचं म्हणाल तर ते मात्र खरंय, आणि आता गाव आवडलं म्हणून तुम्ही ते नाकारूही नका. तिथलं पाणी निळं नाही, वाळू गोव्यासारखी पिवळी नाही. दमणगंगा आपल्या नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, पार, औरंगाही इकडच्याच डोंगरातून उतरतात, तुमच्या तालुक्याच्या बाजूने वाहणारी तापीसुद्धा सुरतेच्या पुढे याच समुद्राला मिळते. या सगळ्या नद्या काळ्या दगडाच्या मुलखातून गाळ घेऊन येतात आणि तिथल्या भरती-ओहोटीचा जोर इतका की तो गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. म्हणून पाणी मातकट दिसतं. घाण म्हणून नाही. (किनाऱ्यावर लोक प्लास्टिक टाकतात ती घाण वेगळी, ती आपणच करतो.)

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट सांगते, ही फक्त या ताईंसाठी नाही, जे जे कोणी दमणला एकदा जाऊन नाक मुरडून आलेत त्या सगळ्यांसाठी आहे. दमण खंबातच्या आखाताच्या तोंडापाशी आहे, तिथे पाण्याचा चढउतार खूप मोठा असतो. ओहोटीच्या वेळी गेलात तर समुद्र लांब गेलेला असतो आणि समोर नुसता चिखल नि खडक, नानी दमणच्या देवका किनाऱ्यावर तर खडकच जास्त. माणूस दुपारी बाराला पोहोचतो, हे बघतो, म्हणतो हा काय बीच आहे का आणि गाडी वळवतो. तोच माणूस सहा तासांनी आला असता तर त्याच जागी पाणी बघितलं असतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे आज संध्याकाळी चारला भरती असेल तर उद्या पाचच्या आसपास. मोबाइलवर दमणची भरती-ओहोटीची वेळ सहज मिळते, तिथल्या कुठल्याही चहावाल्याला विचारलं तरी तो सांगेल. तुमची ननंद तिथलीच असल्यामुळे तिने तुम्हाला बरोबर वेळेला नेलं असणार, म्हणून जामपोर तुम्हाला तसं दिसलं. परत जाल तेव्हाही वेळ बघूनच जा, नाहीतर मुलं म्हणतील आई, हेच का ते.

याच्यात सावधगिरी पण आहे, ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ओहोटीला पाणी लांब गेलं म्हणून त्याच्यामागे चालत आत आत जाऊ नका. किनारा सपाट असल्यामुळे भरती लागली की पाणी भराभर येतं, कधी कधी तर मागच्या खोलगट जागा आधी भरतात आणि माणूस मधेच अडकतो, शिवाय चिखलात पाय रुततात. आपल्याकडची पोरं विहिरीत, पाटात पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं म्हणजे झालं. समुद्राचं तसं नसतं. देवक्याला पाण्यात उतरायचंच नाही, खडक आहेत. जामपोरला घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात, मुलाचा हात धरून, एवढंच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा तर काठावरूनच बघायचं.

आता मिस्टरांचं. ताई, "दमण आवडलं" हे कबूल करायला तुम्ही घाबरताय, पण मला त्याहून जास्त महत्त्वाची वाटली ती पत्रातली शेवटची भीती, तिथे गेल्यावर परत सुरू होईल ही. ही भीती मनात धरून गाडीत बसलात तर चारही दिवस तुमचं लक्ष समुद्राकडे नाही, त्यांच्या हातातल्या ग्लासाकडे राहील. म्हणून हे बोलणं घरी व्हायला हवं, जायच्या बरंच आधी, मुलं नसताना, आणि ते बरे मूडमध्ये असताना. वास्तुशांतीला गेलो तेव्हाचं तुम्हाला एक सांगायचं राहिलं, अशी सुरुवात करा. मग सरळ, "अहो, मला तिथे छान वाटलं. आईंनाही वाटलं. मला परत जायचंय. पण तुम्ही लोक जायचात त्या दिवसांत मी काय काढलंय ते मी विसरलेले नाही आणि ते तेव्हाही चुकीचं होतं. आपण फॅमिली म्हणून जाणार असू तर त्या चार दिवसांत घ्यायची नाही. जमेल का ते आत्ता सांगा. नसेल जमत तर मी, आई आणि मुलं ननंदबाईंकडे जाऊन येऊ, भांडण नाही." एवढंच बोलायचं आणि थांबायचं. त्यांनी "बघ मी म्हणत होतो" म्हटलंच तर म्हणू द्या, त्यावर वाद घालायला लागलात की तुमचं मुख्य बोलणं वाहून जाईल. ते एक वाक्य बोलून त्यांना बरं वाटत असेल तर वाटू द्या, तुमची अट जागेवर राहिली म्हणजे झालं.

आणि ते "नाही जमणार" म्हणाले तर ते खरं बोलले म्हणून बरं समजा आणि खरंच त्यांच्याशिवाय जा. आपल्याकडे बायका म्हणतात नवऱ्याला सोडून फिरायला कसं जायचं, पण सासूबाई सोबत आहेत, ननंद तिथे आहे, आता याहून घरचं काय असतं?

अजून थोडं बोलते, तुम्ही विचारलं नाहीये तरी. "बरंच कमी केलंय" म्हणजे नेमकं किती हे तुम्हालाच माहीत. कधीतरी मित्रांत एखाद वेळ असेल तर वरचं बोलणं पुरेसं आहे. पण दोन दिवस मिळाली नाही तर हात थरथरणं, झोप न लागणं, घाम येणं, चिडचिड असं काही होत असेल तर प्रश्न ट्रिपचा नाहीच, तिथे डॉक्टर लागतात. आणि अशा माणसाला अचानक एका दिवसात बंद करायला लावू नका, ते जिवावर बेतू शकतं, डॉक्टरच्या औषधाखालीच बंद करायची असते. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, घरच्या माणसाने फोन केला तरी चालतो. नंबर लिहून ठेवा, तुम्हाला नाही तर भिशीतल्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

रस्त्याबद्दल. गाडीने गेलात तर धुळे, साक्री, नवापूर, व्यारा, बारडोली करत हायवेने वापी, पल्ला लांब आहे, सासूबाईंचे गुडघे बघता मी तुम्हाला रेल्वेच सांगेन. अमळनेरहून तापी लाईनने सुरत किंवा उधना, तिथून मुंबईकडे जाणारी गाडी पकडून वापी, वापी स्टेशनपासून दमण बारा-एक किलोमीटर. आणि येताना सामानात कोणाचीही, मित्राने मागवलेली, दुकानातल्या माणसाला द्यायची म्हणून, कसलीही बाटली नको. दमणच्या बाहेर पाऊल टाकलं की गुजरात, आणि तिथून नवापूरपर्यंत सगळा रस्ता गुजरातचाच, नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातमध्ये आहे. गुजरातमध्ये दारू नेताना सापडलं तर मोठा गुन्हा आहे, चेकिंग होतं, शिक्षा कडक आहे. हे मिस्टरांना माहीत असेलच, तरी बॅगा भरताना तुम्ही स्वतः भरा.

कधी जायचं? दिवाळीत जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. गुजरातमध्ये लक्ष्मीपूजनापासून लाभपंचमीपर्यंत दुकानं-कारखाने बंद असतात आणि सगळं गुजरात फिरायला निघतं. त्या पाच-सहा दिवसांत दमणला हॉटेलं दुप्पट भावाने आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, शिवाय जी गर्दी तुम्हाला नको तीच तिथे सगळ्यात जास्त. आपल्या शाळांची सुट्टी त्याच्या पुढेही असतेच की नाही, तर भाऊबीज निवांत करा, पाहुणे जाऊ द्या आणि लाभपंचमी झाली की निघा. नंतर तीन दिवसांनी अष्टमी येते, भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा जोरही कमी. शनिवार-रविवार मात्र टाळा, सुरत-वापी-मुंबईची गर्दी तेव्हाच येते. सोमवार ते गुरुवार दमण अगदी वेगळं गाव असतं. यंदा नाहीच जमलं तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. मे महिन्यात आपल्याकडे चव्वेचाळीस-पंचेचाळीस होतं म्हणून लोक समुद्राकडे पळतात पण तिथे घामाने जीव नको होतो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला.

राहायचं कुठे तर सगळी माणसं ननंदेच्या घरात घालू नका. तिने प्रेमाने म्हटलं तरी नको, तिची नवी वास्तू, तिची नोकरी-संसार, एक रात्र तिच्याकडे आणि बाकी हॉटेलात असं ठरवा. हॉटेल बघताना फोनवर सरळ विचारा, तुमच्याकडे बार आहे का, फॅमिली जास्त येतात का. न लाजता विचारा, रोज विचारतात लोक. जामपोरच्या बाजूला बघितलंत तर जास्त शांत. सासूबाईंसाठी मात्र एखादी संध्याकाळ नानी दमणच्या देवका सीफ्रंटवर काढा, तो साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा किनाऱ्याचा रस्ता २५ एप्रिल २०२३ ला सुरू झाला. फरशीचा चांगला रुंद फुटपाथ आहे, बसायला जागा, लाइट, त्यामुळे वाळूत न उतरता त्यांना समुद्रासमोर बसता येईल. तुम्ही इतकी वर्षं ऐकलेलं दमण आणि आताचं दमण यात तेवढा फरक खरोखरच पडलाय. नदीकाठी नानी दमणचा छोटा किल्ला आहे, संत जेरोमच्या नावाचा, त्याच्या तटावरून मच्छीमारांच्या होड्या आत-बाहेर करताना दिसतात, ते मुलाला नक्की आवडेल. जेवायची काळजी नको, गुजराती थाळी सगळीकडे मिळते, पण दोन दिवसांनी सासूबाईंना तिथल्या भाजी-आमटीतली साखर नको होईल तेव्हा दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

मुलगी गोवा म्हणते ते चुकीचं नाही. अकरावीचं वय आहे, मैत्रिणी गोव्याचे फोटो टाकतात, आणि तिने दमणबद्दल घरात काय ऐकलंय? तुमचंच बोलणं. लहानपणापासून आईच्या तोंडून "दारुड्यांचं गाव" ऐकलेली मुलगी तिथे जायला उड्या कशा मारेल? तेव्हा तिला समजवायची जबाबदारी मिस्टरांवर किंवा ननंदेवर टाकू नका, ती तुमची. तिला सांगा, मी आधी जे म्हणायचे ते का म्हणायचे, आणि आता मला काय दिसलं. एवढ्या मोठ्या मुलीला घरात काय चालायचं हे माहीत असतंच, आपल्याला वाटतं तिला कळत नाही. आई मत बदलते आणि तरी वडिलांच्या वागण्याबद्दलचं मत तेच ठेवते, हे तिने बघितलेलं चांगलंच आहे, तिलाही उद्या लागेल. आणि एक दिवस पूर्ण तिच्या हातात द्या, कुठे जायचं, काय खायचं, फोटो कुठे काढायचे ते ती ठरवेल. मोटी दमणच्या जुन्या भिंती आणि निळ्या-पिवळ्या खिडक्या फोटोत छान येतात, ते तिला तिथे गेल्यावर आपोआप कळेल. गोव्याला पुढे जाऊ म्हणाव, गोवा एक्सप्रेस भुसावळ-मनमाडवरूनच जाते, पण आजीला एवढा लांबचा प्रवास या वर्षी नको.

गावातल्या लोकांचं फार मनावर घेऊ नका. डोळे मिचकावणाऱ्याला सांगा, सासूबाईंना समुद्र बघायचाय म्हणून चाललो. यावर कोण काय बोलणार? आणि भिशीत ज्या बायकांना तुम्ही इतकी वर्षं दमणला नावं ठेवून दाखवलीत त्यांना आल्यावर सरळ सांगा की वेळ बघून गेलं तर छान आहे. त्यातल्या दोघी-तिघी तरी अशा असतील ज्यांच्या घरची माणसं दमणला जाऊन आलीत आणि त्यांनी स्वतः कधी बघितलं नाही.

तुमच्यासारखी पत्रं अधूनमधून येत असतात म्हणून बाकीच्यांसाठीही दोन शब्द. कोणाला अलिबाग नको असतं, मुंबईवाल्यांची गर्दी म्हणून. कोणाला वलसाडजवळचं तिथल नको, वाळू काळी म्हणून, खरं तर तिथे किनाऱ्यालाच स्वामीनारायण आणि साईबाबांची देवळं आहेत, वयस्कर माणसांना घेऊन जायला आपल्या भागातून याहून सोपा समुद्र नाही. कुठल्याही जागेवर फुली मारली असेल तर एवढंच बघा की ती फुली कधी मारली, कोणाच्या सांगण्यावरून मारली, आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, रविवार होता की मंगळवार. स्वतःच्या डोळ्यांनी, बऱ्या वेळेला बघून नाही आवडलं तर नाही आवडलं, विषय संपला. पण सांगोवांगीवर असेल तर एकदा जाऊन या.

आणि ताई, दुसऱ्यांदा गेल्यावर पहिल्यासारखं नाही वाटलं तर? वाटणारच नाही कदाचित. पहिल्या वेळी तुम्ही काहीच अपेक्षा न ठेवता गेला होतात, आणि सासूबाईंचा तो चेहरा तर पहिल्यांदा समुद्र बघतानाचा होता. या वेळी मुलांची भूक, हॉटेलचं बिल, मिस्टरांचा मूड सगळं बरोबर असणार. त्यामुळे चार दिवसांतली एक सकाळ फक्त तुमची आणि सासूबाईंची ठेवा, बाकीच्यांना झोपू द्या, रिक्षा करा आणि किल्ल्यात जाऊन या.

तिकिटांचं तेवढं आत्ताच बघा. भाऊबीज झाली की सुरत-उधन्याला कामाला असलेली आपली सगळी माणसं परत निघतात आणि तापी लाईनच्या गाड्यांना तेव्हा दारात उभं राहायलाही जागा नसते, रिझर्व्हेशन उघडलं की त्याच दिवशी काढा. जाताना लोअर बर्थ सासूबाईंच्या नावाने मागा.